खारू गप्प झाला

१

सोमवारी सकाळी प्रतिभाने इनक्युबेटरचं दार उघडलं, आतली प्लेट उजेडाकडे धरली, आणि आपल्या पाळण्यात दुसऱ्याचंच लेकरू निजलेलं दिसावं तशी ती थबकली.

खारू विटकरी रंगाचा होता. प्लेटमध्ये वाढलं होतं ते पांढरंफेक आणि गुबगुबीत.

खारू कोण, हे शिरूरच्या त्या छोट्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घोडनदीच्या काठी, जिथून समुद्र घाटाच्याही पलीकडे, तिथे प्रतिभा कोकणच्या खाडीतला चिखल आणून तपासत होती. कांदळवनाच्या मुळांशी भरती-ओहोटी सोसत अगणित जीवाणू दाटीने राहतात. दाटी आली की भांडण आलं, भांडण आलं की हत्यार आलं. त्यातलं एखादं हत्यार माणसाच्या औषधाला कामी येईल का, एवढाच तिचा शोध. ढीगभर जीवाणू रिकाम्या हातांचे निघाले. एक नाही निघाला. जखमांतल्या ज्या हट्टी जंतूला दवाखान्यातली औषधं लागू पडेनाशी झाली होती, त्याचा एक सौम्य चुलतभाऊ प्लेटभर पसरायचा आणि मधोमध हा विटकरी ठिपका ठेवायचा. चंद्राला खळं पडावं तसं त्याच्याभोवती स्वच्छ कडं पडे. कड्याच्या आत जंतूला मज्जाव. खाऱ्या पाण्यातला म्हणून प्रतिभाच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या शायनाने त्याचं नाव ठेवलं, खारू.

आज कडं नव्हतं. जंतू पांढऱ्या ठिपक्याला खेटून खुशाल वाढला होता.

"शायना, शुक्रवारी फोनवर सांगितलं तेच घातलं होतंस ना खाद्यात?"

"हो मॅडम. दुप्पट."

"सगळ्या प्लेटांत?"

"सगळ्या. तुम्हीच म्हणालात ना, सगळ्याच तशा कर म्हणून."

दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. खाद्यात चूक नाही. मग हा पांढरा कोण?

फ्रीजर उन्हाळ्यात बंद पडला होता आणि खारूच्या राखून ठेवलेल्या नळ्या त्यातच गेल्या होत्या. जिवंत वंश उरला होता तो ह्याच प्लेटांत. महिनाअखेरीला निधी देणारी समिती येणार होती. खारूचं कडं दिसलं तर काम पुढे, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

दारातून रविराज सर आत आले. शेजारच्याच खोलीत ते कांद्याच्या सडण्यावर काम करत. प्लेट पाहिली आणि त्यांच्या भुवया उंचावल्या.

"हा खारू नाहीच. कुणीतरी अदलाबदल केलीय. खरा बाहेर, खोटा आत." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच, म्हणाले, "आपल्यातल्या कुणाचा तरी भाऊ कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात आहे ना?"

भाऊ शायनाचा होता. राहिल.

शायनाने गळ्यातली प्रयोगशाळेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, तुम्हालाही असंच वाटतं?"

प्रतिभाला उत्तर द्यायला एक श्वास उशीर झाला. शायना तेवढ्यात दाराबाहेर होती.

२

पोलीस नकोत, पण पोलिसाचं डोकं हवं, म्हणून प्रतिभा घरमालकिणीकडे गेली. नकुशीबाई निवृत्त हवालदार. आईबापांना नको होती म्हणून नाव नकुशी. तीच पुढे अख्ख्या तालुक्याला हवीहवीशी झाली. कोंबडीचोर असो की हुंडा बळकावणारा सासरा, बाई समोर बसून शेंगदाणे सोलत आणि ऐकत. मारझोड कधी नाही. म्हणत, "माणूस खोटं बोलाया लागला की त्येचं वाक्य नटतं. खरं वाक्य साधं अस्तं, घरच्या लुगड्यातलं."

प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी आधी खोल श्वास घेतला.

"कसला वास ह्यो? नांगरटीचा?"

"खारूचा मावशी. मातीतल्या अशा जीवाणूंना असा वास असतो."

"आन् ह्या पांढऱ्याला?"

प्रतिभाच्या आत्ता लक्षात आलं. पांढऱ्यालाही तोच वास होता.

"म्हंजी रंग दुसरा, वास तोच." नकुशीबाईंनी नाक प्लेटीजवळ नेलं, आणि प्रतिभाने त्यांना खांदा धरून मागे ओढलं. "बरं बाई, न्हाई हुंगत. पर कापडं पालटली तरी घामाचा वास पालटत न्हाई, येवढं ध्यानात ठेव."

मग त्या खोलीभर फिरल्या. गुणगुणणं ही त्यांची विचार करायची तऱ्हा. आईने जात्यावर शिकवलेली चाल, शब्द त्यांचे त्यांनाच सुचलेले:

*खाडीच्या गं चिखलात, झाड उभं पाण्यावरी*
*मुळापाशी वैद्य निजे, त्याला जागवील कोण तरी?*

वजनकाट्याच्या टेबलापाशी गुणगुणणं थांबलं. टेबलाच्या कडेने तांबड्या मुंग्यांची रांग वर चढत होती, काट्याखालच्या फटीत शिरत होती.

"मच्छिंद्र, हितं काय सांडलं रं?"

शिपाई मच्छिंद्र लगबगीने आला. "च्याची साखर आसंल मावशी. शायना म्याडम च्या पित्यात ना सारख्या."

"ह्या टेबलाव?"

"न्हाई... च्या तर त्या भाईर व्हरांड्यात पित्यात." मच्छिंद्रचा आवाज मधेच अडखळला, आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या फ्रिजकडे गेली.

नकुशीबाईंनीही तिकडेच पाहिलं. फ्रिज उघडला. प्लेटांच्या मागे, जुन्या फडक्यात गुंडाळून, एक स्टीलचा डबा लपवलेला होता.

३

डब्यात चीक होता. म्हशीच्या पहिल्या दुधाचा, दाट, पिवळसर.

"खरवसासाठी," मच्छिंद्र कानाची पाळी धरून म्हणाला. "म्हस व्याली. घरी लाईट न्हाई. म्याडमनं सक्त ताकीद दिलेली, ह्या फ्रिजात खायाचं ठिवायचं न्हाई म्हनून. म्हनून लपिवला."

"मच्छिंद्र!" प्रतिभा ओरडली. "जंतूंच्या शेजारी खरवस?"

"आता खात न्हाई म्याडम. मांजरीला बी घालत न्हाई. टाकतो."

"टाकायच्या आधी बस हितं," नकुशीबाई म्हणाल्या. "शुक्रवारी सांजच्याला तू हुतास?"

"हुतो की. शायना म्याडमच्या हातात हातमोजं, म्हनून फोन टेबलाव ठिवून सपीकर लावला हुता. म्या बाटल्या धुवत हुतो. म्याडम गावाकडनं बोलत हुत्या."

"काय म्हनल्या? शब्दाला शब्द सांग."

मच्छिंद्रने डोळे मिटले. "म्हनल्या, मीठ वाढव, दुप्पट कर, समद्या प्लेटांत तसंच कर."

नकुशीबाईंनी प्रतिभाकडे पाहिलं.

"तेच सांगितलं मी," प्रतिभा म्हणाली. "खाद्यात पिष्ट, मीठ आणि चिमूटभर साखर असते. भरतीला खाडीत मीठ वाढतं तसं वाढवून बघू, कडं मोठं पडेल, असा माझा विचार. मांडवगणला घरी होते, सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या, मी ओसरीतून फोन केला. मीठ दुप्पट कर म्हटलं. बस."

रविराज सरांना शोधावं लागलं नाही, ते दारातच होते. शुक्रवारी संध्याकाळी आपण आलो होतो, हे त्यांनी लगेच कबूल केलं.

"कशाला?"

"बघायला."

"काय?"

सर थोडे ओशाळले. "कडं. माझ्या कांद्याचं काम दोनदा नाकारलं. हिचं कडं बघून जीव जळायचा, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं."

नटलेलं वाक्य नव्हतं ते. नकुशीबाईंनी मान डोलावली, आणि प्लेट पुन्हा उजेडाकडे धरली. पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी बारीक नागमोडी रेघांवर उगवल्या होत्या.

"ह्या रेघा कशाच्या?"

"जीवाणू तारेच्या टोकाने असा ओढत पसरवतात. रांगोळीसारखं. प्रत्येकाचा हात वेगळा पडतो."

"मग काढा की समद्यांनी येक येक."

प्रतिभाने रिकाम्या प्लेटवर रेघ ओढली: घट्ट, शिस्तीची. रविराज सरांची मोठाली, ऐसपैस. मच्छिंद्रने तार जोरात दाबली आणि प्लेटीतली खाद्याची जेली फाटली. एकाचीही रेघ जुळेना. कपाटात शायनाची जुनी सरावाची प्लेट होती. तिच्यात प्रत्येक रेघ संपताना शेळीच्या शेपटीसारखा एक छोटासा बाक घेत होती.

पांढऱ्या प्लेटांतल्या प्रत्येक रेघेलाही तोच बाक होता.

"म्हणजे बाहेरचं कुणी नाही. जे केलं ते तिनेच," प्रतिभा हळूच म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

४

मंगळवारी नकुशीबाई एकट्याच एसटीने दौंडला गेल्या.

स्टेशनामागच्या गल्लीत शायनाचं घर. गाड्या बदलणारी माणसं दिवसभर दारावरून जात, आणि गाडी हलली की भांडी किणकिणत. आई शहाबानो शिवणयंत्रावर होती. वडील बद्रुद्दीन रेल्वेतून निवृत्त झालेले, दारात खुर्ची टाकून येणारी-जाणारी गाडी वेळेवर आहे का हे अजूनही पाहत.

"हवालदार आली का?" ते म्हणाले. "बसा. आमच्या घराची झडती घ्या. एक बिर्याणीचं पातेलं सोडलं तर संशयास्पद काही नाही."

"पातेलंच आधी बघते," नकुशीबाई म्हणाल्या, आणि घर थोडं सैलावलं.

राहिल कामावर जायच्या तयारीत होता. तो कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायच्या विभागात होता. "मावशी, मला ते खारूबिरू दिलं तर मी काय करणार? खोक्यात भरणार? मला तर दही लावायचं म्हटलं तरी अम्मी हात लावू देत नाही." तो हसला, मग बहिणीकडे बघून गंभीर झाला. "कालपासून जेवली नाहीय ही."

शायना खिडकीपाशी होती. नकुशीबाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"पोरी, म्या तुला येकच ईचारते. फोनवर म्याडम काय म्हनल्या?"

"साखर दुप्पट करायला सांगितली."

नकुशीबाईंच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. "साखर?"

"हो. ग्लुकोज. मला नवल वाटलं. पण म्हटलं, मॅडमचा काहीतरी विचार असेल. त्या कधी उगाच सांगत नाहीत. बाटली संपत आली होती, काट्यावर घेताना थोडी सांडलीसुद्धा. सगळ्या प्लेटांत दुप्पट घातली. मीठ नेहमीएवढंच."

मुंग्यांची रांग नकुशीबाईंच्या डोळ्यांपुढून सरकत गेली. पोर साखरेबद्दल खरं बोलत होती. पण दोघं 'मीठ' सांगत होती. एक बोलणारी, एक बाटल्या धुणारा.

"मावशी," शायना म्हणाली, "मॅडम काय म्हणतात? त्यांनी काय सांगितलं होतं?"

नकुशीबाईंनी खरं सांगितलं. शायनाचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मी खोटी. चोर नसले, तर खोटी. आणि तेही मच्छिंद्रभाऊंच्या साक्षीने." तिने ओढणीने डोळे पुसले. "माझं शिक्षण सोडवा यातून, एवढंच. मी दुसरीकडे जाते. इथे आता कुणी मला प्लेट हातात देणार नाही."

बाहेर बद्रुद्दीन घड्याळ बघत पुटपुटले, "लेट आहे."

परतीच्या एसटीत नकुशीबाईंनी गुणगुणायचा प्रयत्न केला. चाल आली, शब्द येईनात. तीन माणसं. तिघांचीही वाक्यं साधी, घरच्या लुगड्यातली. आणि तिघांपैकी कोणीतरी चूक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपले कान म्हातारे झाले.

५

भीमेचा पूल ओलांडून एसटी मांडवगण फराट्याला थांबली, तेव्हा उन्हं उतरली होती. त्या दिवशी सासरी आलेली प्रतिभा माहितीसाठी जीव मुठीत धरून बसली असणार, म्हणून त्या तिथेच उतरल्या.

प्रतिभाचं सासर धनगराचं. आजेसासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती. आता ऊस आणि कांदा, पण अंगणात दोन मेंढ्या सासूबाई गिताबाईंनी हट्टाने ठेवलेल्या. गिताबाईंच्या एका पायाला बोट कमी होतं. वर्षापूर्वी साधी जखम चिघळली, कुठलंच औषध लागेना, तेव्हा ते काढावं लागलं. त्या बोटाबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण प्रतिभा चिखलात काय शोधते, हे गिताबाईंनी तिला कधी विचारलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं.

नकुशीबाईंनी दौंडचं सगळं सांगितलं. प्रतिभा ऐकत होती आणि भाकरी थापत होती, आणि भाकरी तव्याऐवजी चुलीच्या काठावर पडत होती.

"साखर? मी साखर कशाला सांगेन मावशी? साखर जास्त झाली की असले जीवाणू सुस्तावतात. आयतं मिळालं तर हत्यार कशाला परजतील? हे तिलाही ठाऊक असायला हवं..." ती थांबली. "थांबा. म्हणजे पांढरा आहे तो खारूच असू शकतो. साखर खाऊन रंग गेलेला, सुस्तावलेला खारू."

"वास तोच हुता," नकुशीबाई म्हणाल्या.

प्रतिभाच्या डोळ्यांत क्षणभर दिवाळी उजळली, आणि विझली. "पण मग तिने मुद्दाम घातली का साखर? मी मीठ म्हटलेलं असताना?"

गिताबाईंनी देवापाशी दिवा लावला, ताटं मांडली. बाहेर मेंढ्या एकमेकींना टेकून रवंथ करत होत्या. हुलग्याचं माडगं, भाकरी, ठेचा. तिघी जेवायला बसल्या.

पहिला घास घेऊन गिताबाई म्हणाल्या, "सूनबाई, माडग्यात ध्यान न्हाई आज तुजं."

नकुशीबाईंनीही भुरका मारला. "व्हय गं. प्रतिभा, ती बरनी दे हिकडं. गोडं लई कमी पडलंय."

प्रतिभाने बरणी पुढे केली. नकुशीबाईंनी चिमूट भरली, वाटीवर हात नेला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्या आपल्याच चिमटीकडे, साप दिसावा तशा बघत होत्या.

"मावशी? काय झालं?"

"काय न्हाई." त्यांनी चिमूट हळूच सोडली. मग हसायला लागल्या, इतक्या की गिताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "गिताबाई, उद्या दौंडला येनार का? पोरीला भेटाया?"

"येनार तर. म्या त्या पोरीच्या हातचा च्या पिलेला हाय. असल्या हाताची पोर चोरी करत न्हाई."

"पन तिन्हीसांजेलाच पोचायचं. उजेडात न्हाई."

"का हो मावशी?" प्रतिभाने विचारलं.

"उजेडात समदी मानसं खोटं बोलत्यात," नकुशीबाई म्हणाल्या, "आन् त्यास्नी ठाऊक बी नस्तं."

६

शहाबानोच्या घरात दिवे लागले होते. पाहुण्या आल्या म्हणून तिने खिचडी आणि चिंचेचा आंबट, पातळ खट्टा केला होता. नकुशीबाई आल्या-आल्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. शहाबानोने कपाळाला हात लावला. "हाय अल्ला, मेहमानांना असं वाढू?" पण वाढलं.

शायना कोपऱ्यात, ताठ. प्रतिभाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. रेल्वे आली, भांडी किणकिणली, रेल्वे गेली.

गिताबाईंनी खट्ट्याचा घोट घेतला. पाहुणीने नाव ठेवू नये, म्हणून आणखी एक घोट घेतला. मग राहवलं नाही तशा सुनेकडे झुकल्या. "समदं झ्याक हाय. फकस्त..."

प्रतिभाने चव पाहिली, आणि सासूबाईंची अडचण मिटवायला, मागचंपुढचं विसरून, रोजच्या सवयीने म्हणाली, "शायना, आईंना जरा गोडं आण गं."

शायना उठली. आत गेली. आणि साखरेचा डबा घेऊन आली.

सगळे डब्याकडे बघत राहिले. गिताबाई म्हणाल्या, "आगं, साखर कशाला? गोडं मागितलं."

"हो. गोड. आणलं ना."

"ठिव तो डबा हितं," नकुशीबाई म्हणाल्या. "झाली केस."

प्रतिभाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तिला कळलं होतं. शायनाला अजून नव्हतं.

"पोरी," नकुशीबाई शायनाला म्हणाल्या, "आमच्याकडं दिवं लागलं की मिठाला त्येच्या नावानं हाक मारत न्हाईत. लक्ष्मी रुसती म्हनत्यात. मंग त्येला म्हनायचं गोडं. ही तुजी म्याडम प्रयोगशाळेत बारा वाजू दे न्हाईतर सात, मीठच म्हनती. पर मांडवगणच्या घरात, सासू देवापाशी बसल्याली आस्ताना, तिच्या जिभंवर मीठ येतच न्हाई. शुक्रवारी तिनं तुला सांगितलं, गोडं वाढव, दुप्पट कर. व्हय का न्हाई?"

"हो," शायना सावकाश म्हणाली. "अगदी हेच शब्द."

"तुज्या घरात नमक म्हनत्यात, सकाळी बी आन् सांजच्याला बी. तू गोड ऐकलंस, साखर घातलीस. मच्छिंद्र मांडवगणच्याच शिवारातला. त्येनं गोडं ऐकलं, मीठ समजला. आन् म्या तिघास्नी ईचारलं ते दिवसाढवळ्या. शब्दाला शब्द सांगा म्हनलं, तर समद्यांनी मला अर्थ सांगितला. शब्द कुनीच न्हाई सांगितला. मुंग्या खऱ्या, रेघेचा बाक खरा, वास खरा, तुमी तिघं बी खरी. म्या सोता काल माडग्यात गोडं मागितलं, तवा कुठं माजंच मला ऐकू आलं."

बद्रुद्दीन दारातून म्हणाले, "छत्तीस वर्षं दौंडात काढली हवालदार, पण ही गाडी कधी ऐकली नव्हती."

राहिल हसला. शहाबानो हसली आणि धावत मीठ आणायला गेली. फक्त शायना हसली नाही.

"शब्दाचं समजलं मॅडम," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ. "पण मी किल्ली ठेवली, तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. तिथे कुठला शब्द आडवा आला होता?"

ह्या प्रश्नापुढे नकुशीबाईंचं डोकं चालण्यासारखं नव्हतं, आणि त्यांनी ते चालवलंही नाही.

"कुठलाच नाही," प्रतिभा म्हणाली. "तिथे मी होते. खारू गेला या भीतीने मी आंधळी झाले, आणि त्या क्षणी तुला एकटं पाडलं. तू कामावर परत आली नाहीस तरी मी रविराज सरांपुढे, प्राचार्यांपुढे हे सांगणार आहे. तू यावंस म्हणून नाही सांगत."

शायना बराच वेळ साखरेच्या डब्याचं झाकण फिरवत राहिली.

"त्या पांढऱ्या प्लेटा फेकल्या का?"

"नाही. धीर झाला नाही."

"साखरेवरून काढून मिठावर ठेवल्यात?"

"नाही अजून."

"मॅडम!" शायना उठून उभी राहिली. "बिचारा तिथे साखरेत लोळतोय, आणि तुम्ही इथे खट्टा पिताय?"

७

खारूला शुद्धीवर यायला वेळ लागला. तो पहिल्यापासूनच सावकाश वाढणारा, आणि लाडावलेल्याला पुन्हा खडतर जगायला लावायचं म्हणजे सोपं नसतं. नव्या, खाऱ्या प्लेटांवर पहिले काही दिवस तो पांढराच राहिला. गिताबाई रोज फोन करून विचारत, "दुखनेकरी कसा हाय?" आणि एका दुपारी मधोमध, कुंकवाची बोटं पुसावीत तेवढा पुसट, विटकरी रंग उमटला. मग कडं पडलं. पूर्वीपेक्षा रुंद. प्रतिभाचा मिठाचा अंदाज बरोबर निघाला.

समितीपुढे प्रतिभाने सगळं जसंच्या तसं सांगितलं: आपली चूक, आपलं गप्प राहणं, आणि त्या चुकीतून सापडलेली गोष्ट. साखर वाढली की हा जीवाणू औषध बनवायचं थांबवतो, मीठ वाढलं की जोर धरतो. "शायनाने माझं चुकीचं सांगणंसुद्धा इतक्या नेटकेपणाने पाळलं," ती म्हणाली, "की त्याचा आपोआप प्रयोग झाला." रविराज सर मागच्या बाकावरून उठून शायनाजवळ आले. माफी मागायला त्यांना वाक्य सापडेना. शेवटी म्हणाले, "माझ्या कांद्यातल्या जंतूंवर चालेल का हो हा?" शायनाने त्यांना एक प्लेट दिली.

काम पुढे चालू राहिलं. आणि समितीने एक गोष्ट मागितली: त्याच खाडीतला ताजा चिखल, जास्त खोलीवरचा.

वनखात्याची परवानगी आली तेव्हा शायना म्हणाली, "चिखल आणायला कोण जाणार ते मी ठरवणार."

"ठरव."

"मी जाणार. आणि तुम्ही."

प्रतिभाचा चेहरा खुलला.

"एक मिनिट. डबा मी धरणार, नोंद मी करणार, काठावर मी उभी राहणार. उतरायचं तुम्ही."

आता ओहोटी आहे. कांदळाची मुळं उघडी पडलीत, बोटांसारखी, आकाशाकडे. खेकडे बिळांतून डोकावतायत. प्रतिभा गुडघ्याच्याही वर चिखलात आहे, एक चप्पल केव्हाच गेली, कपाळावर चिखलाचा पट्टा, आणि बाही खांद्यापर्यंत वर सरकवलेली. काठावर शायना, कोरडी ठणठणीत, कमरेवर हात.

"पुरे का गं एवढं?"

"अजून खाली मॅडम," शायना म्हणते. "अजून थोडं. मुळाशी."

आणि प्रतिभा वाकते.